कार्डावरचा हत्ती

गेल्या दिवाळीत नाशिकमध्ये इंदिरानगरला भाचीकडे गेले होते. फराळाचं ताट समोर आलं आणि पाठोपाठ पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा. "मावशी, तू एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंस ना, आता हे बघ." तिची लेक सव्वादोन वर्षांची, हातात अर्धी चकली. भाचीने एकेक कार्ड वर धरायला सुरुवात केली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल, ठळक इंग्रजी अक्षरं. चित्र नाही. "एफन," छकुली म्हणाली. म्हणजे एलिफंट. मग "नोज". मग "बनाना". अकरापैकी नऊ बरोबर आली. भाचीचा चेहरा असा उजळला होता की मीही टाळ्या वाजवल्या.

पण इतकी वर्षं खडूची धूळ खाल्लेली बाई स्वस्थ कशी बसेल? जेवणं झाल्यावर मी पाटी मागून घेतली. हत्तीचा तोच शब्द, तीच अक्षरं, मोठी ठळक काढली आणि विचारलं, "हे काय गं?" छकुलीने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाटी."

तिचं काही चुकलं नव्हतं. नंतर कार्डं चाळताना दिसलं की हत्तीच्या कार्डाचा एक कोपरा दुमडलाय. तो कोपरा मी अंगठ्याखाली झाकून धरला, तर हत्तीचा "बनाना" झाला. पोर हुशार आहे यात वाद नाही. अकरा पुठ्ठ्यांच्या खाणाखुणा या वयात लक्षात ठेवणं सोपं नव्हे. पण याला वाचन म्हणायचं, तर दारातल्या ढिगातून ती बाबांची चप्पल अचूक उचलते तेही वाचनच म्हणावं लागेल.

एका पोरीवरून सिद्धान्त मांडू नये, हे मलाही कळतं. म्हणून जिथून हा उद्योग आपल्याकडे आला, तिथे त्याचं काय झालं ते सांगते. ग्लेन डोमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून, लाल अक्षरांची कार्डं भराभर दाखवली की तान्ही मुलंही वाचायला शिकतात, असं जगाला सांगितलं. पुढे कार्डांच्या जोडीला व्हिडिओ आले. 'युअर बेबी कॅन रीड' नावाचा संच तिकडे टीव्हीवरच्या जाहिरातींतून सुमारे दोनशे डॉलरला विकला जायचा. २०१२ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पकडलं, कारण नऊ महिन्यांचं मूल वाचायला शिकतं या दाव्याला पुरावाच नव्हता. समेटात साडेअठरा कोटी डॉलरची रक्कम ठरली, २००८ पासूनच्या विक्रीइतकी. कंपनी तोवर बुडालेली, त्यामुळे हाती फारसं काही आलं नाही, ते सोडा.

त्याहून बोलकी गोष्ट २०१४ ची. सुसान न्यूमन या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ ते अठरा महिन्यांची ११७ बाळं घेतली. निम्म्यांच्या घरी असा वाचन शिकवणारा संच दिला, निम्म्यांना दिला नाही, आणि सात महिने थांबले. मग अक्षरं ओळखणं, शब्द ओळखणं, शब्दसंग्रह, समज अशा चौदा गोष्टी तपासल्या. तेरांत दोन्ही गटांत काही फरक नाही. चौदाव्या गोष्टीत मात्र पडला. ती होती आईवडिलांची खात्री. संच वापरणाऱ्या पालकांना ठाम वाटत होतं की आपलं बाळ वाचायला लागलंय.

हे वाचलं तेव्हा मला भाचीचा तो उजळलेला चेहरा आठवला. तिला हसण्याचा अधिकार मला नाही. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी त्याला बाराखडी पाठ करून घेतली होती. पाहुणे आले की सोफ्यावर उभं करायचं आणि "क, का, कि, की" सुरू. शेजारच्या काकू म्हणायच्या, "मास्तरणीचा पोरगा आहे शेवटी." त्यातलं "मास्तरणीचा" मला फार गोड लागायचं. तो दुसरीत गेल्यावर एकदा त्याला गोष्टीचं पुस्तक आणून दिलं, तर म्हणाला, "आई, यातलं किती पाठ करायचं?" वाचून दाखवायचं म्हणजे पाहुण्यांसमोर उभं राहायचं, एवढंच मी त्याला शिकवलं होतं.

भाचीने हा संच घेतला अठरा हजारांना, सहा हप्त्यांत. कार्डं, व्हिडिओ आणि वर्षभराची अ‍ॅपची वर्गणी. एका मॉलमध्ये मुलांच्या खेळायच्या जागेशेजारी टेबल मांडून बसलेल्या तरुणाने तिला गाठलं. बाळाचं वय विचारलं आणि मग गंभीर होऊन सांगितलं, "मॅडम, तीन वर्षांनंतर मेंदूची खिडकी बंद होते." या एका वाक्यावर अठरा हजार गेले. आई कितीही शिकलेली असो, हातून काहीतरी कायमचं निसटतंय असं म्हटल्यावर ती सही करतेच.

खिडकीची गोष्ट पूर्ण खोटीही नाही, म्हणून ती खपते. बोलीभाषेचे आवाज, त्यांची चढउतार, बोलण्याची देवाणघेवाण यांच्यासाठी पहिली वर्षं खरोखर मोलाची. पण माणूस लाखभर वर्षं बोलतोय आणि लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. लिहिलेलं वाचणं ही मेंदूच्या दृष्टीने कालपरवाची करामत. तिची खिडकी तिसऱ्या वाढदिवसाला बंद होत असती, तर १९८८ पासूनच्या साक्षरता अभियानात कुणीच शिकलं नसतं. गुडघे धरून सतरंजीवर बसणाऱ्या साठीच्या बायका मी शिकताना पाहिल्यात. पहिल्या महिन्यात सही, आणि वर्षभरात बसवरची पाटी.

आणि ज्या गोष्टीची खिडकी खरंच उघडी असते, ती पडद्यावरून आत येत नाही. बाळांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचे आवाज ऐकवले. ज्यांच्यासमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, त्या बाळांना ते आवाज ओळखता यायला लागले. ज्यांनी तशाच माणसांना व्हिडिओत पाहिलं, त्यांना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलाला बसून पडदा बघायला देऊच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त नको. भाचीच्या अ‍ॅपमध्ये रोजचा "अभ्यास" चाळीस मिनिटांचा. त्यात कार्टून धरलेलं नाही.

इथे मला एक शंका बोलून दाखवायची आहे. हे सगळं खरंच वाचनासाठी चाललंय का? तसं असतं तर मराठी घरात पहिलं कार्ड मराठी असतं. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत नव्या बालवाड्यांच्या पाट्या बघा. सगळीकडे फोनिक्स, ब्रेन, स्मार्ट, ग्लोबल. बालवाडी हा शब्द पाटीवर कुणी लावत नाही, तो सरकारी वाटतो. भाची आणि जावई दोघंही मराठी माध्यमातले. अंबडच्या कारखान्यात जावयाचं काम उत्तम चाललंय, पण मुंबईहून साहेब आले की मीटिंगमध्ये हा गप्प. त्याच्या मनात जे रुतलंय, ते लेकीच्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण दोन वर्षांच्या मुलीच्या घशातून ते काढून घ्यायला निघालो, की तिच्या बोलण्याची माती होते. छकुलीला हातातलं केळं "केळं" आहे आणि पुठ्ठ्यावरचं "बनाना". दोन्ही एकच, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. कारण कार्ड धरताना भाची केळ्याविषयी बोलत नाही. ती फक्त विचारते, "हे काय?"

या "हे काय?"ची मला भीती वाटते. लहान मुलाशी बोलणं वेगळं आणि त्याची तोंडी परीक्षा घेणं वेगळं. बोलताना आई सांगते, की हे केळं पिकलंय, काळे ठिपके पडलेत, आजीला असलंच आवडतं. कार्ड धरल्यावर तिच्याकडे दोनच गोष्टी उरतात, बरोबर आणि चूक.

आता लिपीविषयी. अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करायची ही पद्धत मुळात इंग्रजीच्या दुखण्यावर काढलेली आहे. तिथे जसं लिहितात तसं बोलत नाहीत, म्हणून काही शब्द डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात. खुद्द इंग्रजीच्या जाणकारांतही या पद्धतीवर वर्षानुवर्षं भांडणं झाली. मराठीत ते दुखणंच नाही. इथे अक्षर कळलं आणि काना-मात्रा कळली, की कधी न पाहिलेला शब्दही वाचता येतो. पहिलीतल्या मुलाच्या तोंडून "क... म... ळ... कमळ!" बाहेर पडतं तो क्षण मी हजारदा पाहिलाय आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला आहे. अशा लिपीत शब्दांचे पुठ्ठे पाठ करणं म्हणजे किल्ली हातात असताना भिंतीवरून उडी मारणं.

पण ही लिपी सोपीही नाही. छत्तीस व्यंजनं धरली आणि बाराखडी मांडली की चारशेच्या वर आकृती होतात, आणि जोडाक्षरं अजून दारात उभीच असतात. "कि" लिहिताना वेलांटी आधी येते आणि म्हणताना नंतर. हा उलटा प्रवास सहा वर्षांच्या मुलालाही घाम फोडतो. ते डोळ्यांचं, हाताचं आणि कानाचं एकत्र काम आहे, आणि त्यातला कान सगळ्यात आधी तयार व्हावा लागतो.

कान म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. फळ्यावर लिहिते: "चार गाई" आणि "गाईला चार". दोन्ही "चार" सारखेच दिसतात, पण उच्चार वेगळे. एक आकडा, दुसरा चाऱ्याचा. लिपीत हा फरक कुठेही नाही. मग मूल दुसरं वाक्य बरोबर कसं वाचतं? कारण घरात, गोठ्यात, ओट्यावर त्याने ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं. वाचताना ते स्वतःच्या कानाकडे वळून बघतं. ज्याच्या कानात काही साठलेलंच नाही, ते मूल अक्षरं जुळवतं आणि अर्थापाशी येऊन थांबतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊचं घर शेणाचं आणि चिऊचं मेणाचं असतं. आपल्याला वाटतं आजी पोराला झोपवतेय. खरं तर ती त्याला दाखवून देते की एक आवाज बदलला तर घर बदलतं. पुढे अक्षर शिकताना नेमकं हेच लागणार असतं.

ही काही नवी विद्या नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडला नेलं. माँटेसोरींची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणार नव्हती, म्हणून शंख, बिया, दगड, पानं यांतूनच साधनं तयार केली. मुलं गुरं राखायला जायची, तर शाळाच कुरणात नेली. आणि ज्या माँटेसोरींचं नाव आज हरएक प्लेग्रुप लावतो, त्यांची अक्षरं खरखरीत कागदाची होती. मुलाने बोट फिरवायचं, आवाज काढायचा, ओळख हातातून होऊ द्यायची. लहान मूल खूप शिकू शकतं, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. म्हणूनच त्यांनी त्याला पुठ्ठे पाठ करायला लावले नाहीत.

माझी निम्मी नोकरी पेठ तालुक्यात गेली. तिथे पहिलीत आलेला एक मुलगा दोन महिने बोललाच नाही. घरी कोकणा बोली, शाळेत माझी पुस्तकी मराठी. तो माझ्याकडे असा बघायचा की जणू मी दिल्लीहून आलेय. एका पावसाळी सकाळी त्याने खिशातून जिवंत खेकडा काढून टेबलावर ठेवला. वर्गात हलकल्लोळ. मग तो खेकडा कुठे धरला, कसा धरला, बोट कसं वाचवलं, ते त्याने आपल्या बोलीत दहा मिनिटं सांगितलं. मला निम्मं समजलं. त्यातले चार शब्द मी फळ्यावर लिहिले आणि म्हटलं, "हे तू बोललास ते." तो पुढे आला आणि त्या शब्दांवरून हात फिरवून बघायला लागला. दिवाळीपर्यंत त्याला अक्षरं जुळवता येऊ लागली. सहा वर्षं पूर्ण, हाती एकही कार्ड पडलेलं नाही, पण कान गच्च भरलेला.

उशिरा सुरू केल्याने मूल मागे राहतं, ही भीती तपासून झालेली आहे. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेली आणि सातव्या वर्षी सुरू केलेली मुलं तोलून पाहिली. अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. अर्थात फिनलंडचं नाव मी जरा जपूनच घेते. तिथलं लेखनही आपल्यासारखंच, जसं लिहाल तसं बोला, आणि तिथल्या घरांत पुस्तकं भरपूर. आपल्याकडे दुसरी गोष्ट नाही. नाशिकसारख्या शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, पण ज्या घरांत अठरा हजारांची कार्डं आहेत, तिथे गोष्टीची किती पुस्तकं आहेत ते मोजा. भाचीकडे दोन निघाली. एक माझंच, मी बारशाला दिलेलं, अजून कव्हरात.

दुसरीकडे चित्र उलटं. मुलांना किती वाचता येतं ते तपासणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी साधारण वीस टक्केच निघाली. महामारीने शाळा बंद ठेवल्याचाही तो परिणाम होता. पण प्रश्न कुठला आहे, ते त्यातून कळतं. आपली मुलं दीड वर्षांची असताना वाचत नाहीत म्हणून मागे पडत नाहीत. ती आठ वर्षांची असताना त्यांच्याकडे लक्ष द्यायला माणूस नसतो. एक शिक्षक, दोन वर्ग, आणि वर निवडणुकीचं काम. तिथे खर्च व्हायला हवा तो जीव आणि पैसा आपण पाळण्याजवळ उधळतोय, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

सरकारी कागद याबाबतीत बरेच शहाणे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. त्याला धरून २०२१ मध्ये निपुण भारत हे सरकारी अभियान आलं, ज्यात वाचनाचं उद्दिष्ट तिसरीअखेरचं आहे. पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत, हेही ठरलं. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी केली. पहिल्यांदा मोडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. तीन वर्षांच्या पोराला त्याचं छत्र मिळत नाही, आणि खरी रांग नर्सरीच्याच दारात लागते. बालवाडीच्या दारातली तोंडी परीक्षा, मग तिला "इंटरॅक्शन" म्हणा की "ओळख", बंद होत नाही, तोवर मॉलमधल्या टेबलामागचा तरुण उपाशी राहणार नाही.

काही मुलं खरंच लवकर वाचतात, हे मी नाकारत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी वाचतच आली होती, मोठ्या भावाच्या पुस्तकातून आपली आपण शिकली होती. तिला थांबवणं हा मूर्खपणा झाला असता. मूल "हे काय लिहिलंय?" विचारत असेल तर सांगावं, दहादा विचारलं तर दहादा सांगावं. आणि बाळाला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक वाचून दाखवणं तर पहिल्या वर्षापासून व्हावं. मला खुपतं ते प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती पुठ्ठा जाणं. मुलाने विचारायचं, ते आपण विचारायला लागतो.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं, इतकं सलग नाही, अध्येमध्ये तिची कुकरची शिट्टी होती. तिने ऐकून घेतलं. कार्डं सध्या छकुलीच्या ताब्यात आहेत, असं कळलं. ती त्यांना ओळीने मांडते आणि त्यांची आगगाडी करते. हत्तीचं दुमडलेलं कार्ड इंजिन असतं, कारण ते उभं राहतं. अ‍ॅपची वर्गणी मात्र चालू आहे.

"बंद कर की मग," मी म्हटलं.

"मावशी, तुझं बरोबर असेल गं," ती म्हणाली. "पण डिसेंबरात शाळेत जायचंय. तिथे तिला समोर बसवून कार्ड दाखवलं आणि ती गप्प राहिली, तर तू येणार आहेस का सांगायला?"

मी जरा वेळ गप्प राहिले. मग तिला तारीख विचारून घेतली.